विश्रामबागवाडा का उरला?

ओसरी

मंडळी, गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला. आम्ही मालक नव्हतो. मागच्या चौकातल्या दोन खोल्यांचे भाडेकरू होतो, तीन पिढ्या. माझा जन्म तिथला. लग्नानंतर मी कोथरूडला आले, दोन वर्षांपूर्वी आई-बाबाही आले. पाडायच्या दिवशी आपल्यापैकी कुणीतरी तिथं असावं असं वाटलं, म्हणून रजा टाकून गेले.

आधी कौलं उतरली, मग वासे, मग कडीपाट. दिंडीदरवाजाचा अडणा, म्हणजे दार आतून अडवायचं आडवं लाकूड, शेवटी काढला. आमच्या लहानपणापासून तो भिंतीत गेलेलाच होता, बाहेर फक्त टोक आणि लोखंडी कडी. त्या कडीला आम्ही सायकलची साखळी अडकवून कुलूप लावायचो. दोन माणसांनी ओढला तेव्हा तो भिंतीतून येतच राहिला, येतच राहिला. सात फुटांचं अखंड सागवान. कुणीतरी कधीतरी रोज रात्री तो ओढून दार बंद करत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

तिथून चालत बाजीराव रस्त्यावर आले आणि विश्रामबागवाड्यासमोर बराच वेळ उभी राहिले. वरचा लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले खांब, खालून तुळशीबागेत जाणारी गर्दी. शाळेत असताना बाबांबरोबर तिथल्या सरकारी ग्रंथालयात जायचे. बाबा वर्तमानपत्रं वाचत बसायचे आणि मी चौकातल्या खांबांभोवती फिरायचे. वाडा ऐतिहासिक आहे वगैरे डोक्यातही नव्हतं. पोस्ट आणि ग्रंथालय असलेली जागा, एवढंच.

तेव्हापासून एकच विचार मनात आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या वापरातले पुण्यात चार मोठे वाडे होते: शनिवार, शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला, आज उभा आहे तो तट, दरवाजे आणि जोती. बुधवारवाडा १८७९ मध्ये गेला. विश्रामबागेला त्याच वर्षी आग लागली आणि तरी तो उरला. का उरला? नशीब म्हणून सोडून द्यायला मन तयार होत नाही. माझं उत्तर असं आहे की त्या वाड्यात दोनशे वर्षं रोज कुणाचं ना कुणाचं काम होतं. तिथं सकाळी कुणीतरी येऊन दार उघडत होतं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना इतिहास माहीत आहे, ज्यांनी वाड्यांची कामं केली आहेत, ज्यांचे स्वतःचे वाडे आहेत, सगळ्यांनी लिहा.

जुनाकागद

ओसरीताई, वाईट वाटलं वाचून. माझंही बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं, तो पानशेतच्या पुरात पडला.

तुमच्या प्रश्नासाठी आधी सनावळी नीट लावून घेऊ. वाडा १८०७ च्या सुमारास बांधला, खर्च दोन लाखांच्या आसपास. जागा पूर्वी हरिपंत फडक्यांच्या बागेची, नावातली 'बाग' तीच. त्या काळाकडे बघा. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, वसईचा तह करून बसला. इंग्रजांच्या पलटणीच्या आधारानं गादीवर परतलेला पेशवा हा वाडा बांधतो आहे. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नव्हतं असं सांगतात. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून तिथंच झाला होता, आणि त्या प्रकरणात ज्याचं नाव आलं त्या राघोबाचा हा मुलगा. विश्रामबागेत त्याला जेमतेम दहा-अकरा वर्षं मिळाली. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला गेला तो कायमचा.

म्हणजे पेशव्याचं घर म्हणून वाड्याचं आयुष्य एका तपाचंही नाही. पुढची दोनशे वर्षं तो दुसऱ्याच कामांसाठी जगला. ६ ऑक्टोबर १८२१ ला तिथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली, इंग्रज तिला हिंदू कॉलेज म्हणत. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या निधीतला पैसा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या पुढाकारानं या पाठशाळेकडे वळवला. १८५१ मध्ये तिचं पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये नाव डेक्कन कॉलेज पडलं, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. आज शब्दकोश आणि पुरातत्त्वासाठी जगभर नाव असलेली ती संस्था या वाड्यातून निघाली, हे पुण्यातल्याही फार थोड्यांना माहीत असतं. नंतर सरकारी हायस्कूल. १९३० ते १९५९ नगरपालिकेची आणि मग महापालिकेची कचेरी. पोस्ट, ग्रंथालय हे तुम्ही पाहिलंच आहे.

आगीचं सांगतो. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्ही पेटवले गेले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानं सरकार आधीच हादरलेलं होतं, संशय साहजिकच तिकडे गेला. तपासात मात्र एका सरकारी नोकराचं कृत्य निघालं. बुधवारवाडा सरकारनं पुन्हा उभा केला नाही. विश्रामबागेचा जळालेला भाग पुन्हा बांधला. हा फरक तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. आग दोघांना लागली, एकाला परत बांधलं.

कात्रजकर

जबरदस्त माहिती, जुनाकागद काका. वाचतोय, लिहित राहा.

तळखडा

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, वीस वर्षं झाली. ओसरीताईंचं म्हणणं माझ्या अनुभवाशी जुळतं, फक्त त्यातलं कारण जरा उलगडून सांगतो.

पुण्याच्या वाड्याचा भार लाकडाच्या सांगाड्यावर असतो. काळ्या दगडाचं जोतं, जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. वाडा केवढा हे पूर्वी खणांत सांगायचे. भिंती मधे भरलेल्या: खाली दगड, वर विटा किंवा पांढरीच्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेले ठोकळे. भिंत पडली तरी सांगाडा उभा राहू शकतो, सांगाडा बसला की सगळं बसलं. म्हणून मी कुठल्याही वाड्यात गेलो की आधी वर बघत नाही. गुडघे टेकून खांबाचा तळ बघतो. ओल जमिनीतून चढते, खांबाचा खालचा वीतभर भाग आधी कुजतो. वरून तैलरंगाचे पाच-सहा हात दिलेले असतात, खांब बाहेरून ठणठणीत दिसतो. दाभण घेऊन टोचावं, लोण्यात गेल्यासारखं आत जातं.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. वरच्या तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, खांबाचा कुजलेला भाग कापायचा, जुन्याच सागवानाचा तुकडा सांधा करून बसवायचा. चांगला सुतार दोन दिवसांत एक खांब करतो. पण हे वेळेत कळायला हवं. पावसाळ्यात एक कौल सरकतं, त्याखाली कडीवर पाणी ठिबकतं, मातीचा थर भिजतो, वजन वाढतं, कडी वाकते, वाळवी येते. कौल सरकल्यापासून पाट खाली यायला सहा-सात वर्षं लागतात. जिथं रोज माणसं वावरतात तिथं ठिबक पहिल्याच पावसात कुणाच्या तरी डोक्यावर पडते आणि आरडाओरडा होतो. कुलूपबंद खोलीत कुणाला कळत नाही. वापरानं वाडा टिकतो तो असा.

आणि एक. सिमेंट. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की घरमालकाला वाटतं मजबुती आली. माती आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. सिमेंट ती कोंडून ठेवतं, मग भिंत आतून भुसभुशीत होते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, येताना विटांचा दर्शनी थर घेऊन येतो. चुन्यालाच चुना जोडावा. तो महिनाभर भिजवून, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळून, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालून करायचा असतो. ते करणारे गवंडी अजून आहेत. मागणी नाही म्हणून त्यांची मुलं फरशी बसवण्याच्या कामाला गेली.

शनिवारवाला

सगळं पटलं, तरी मालकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. आमचा वाडा शनिवारवाड्याजवळ आहे. नऊ भाडेकरू. सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं येतं त्यात तळखडा दादांनी सांगितलेला एक खांबही दुरुस्त होत नाही.

हे भाडं माझ्या वडिलांनी ठरवलेलं नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरची घरटंचाई होती, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू चांगलाच होता. पण ती गाठ पन्नास वर्षं सुटली नाही. २००० मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. पंचवीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया. कौलं शाकारायचा एका पावसाळ्याचा खर्च वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट आहे. मी नोकरीतून घालतो. माझी मुलं घालणार नाहीत, आणि मी त्यांना घाला म्हणणारही नाही.

दुसरी गोष्ट. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. दुरुस्ती करता येते, पण तिचीही परवानगी काढावी लागते. म्हणजे मी वाडा पाडून इमारतही बांधू शकत नाही आणि वाडा टिकवायला पैसेही नाहीत. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत दीड वर्षं कागद फिरतो आहे माझा, एका जिन्यासाठी. त्या जिन्यावरून माझी ऐंशी वर्षांची काकू रोज उतरते.

वाडा जपा म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जपण्याचा खर्च सगळा एका घरावर का, एवढंच विचारायचं आहे.

ओसरी

शनिवारवाला दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही तेच पंचवीस-तीस रुपये भाडं देणारे. आजोबा म्हणायचे की भाडं वेळेवर दिलं की आपली जबाबदारी संपली. कौल सरकलं की मालकांना निरोप, आणि ते येईपर्यंत खाली पातेलं. आम्ही सतरा बिऱ्हाडांनी वर्गणी काढून एकदा जरी छप्पर नीट केलं असतं! गणपतीची वर्गणी दरवर्षी निघत होती. हे मला आज कळतं आहे.

पेरूगेट

थोडा वेगळा मुद्दा. विश्रामबाग वापरामुळे नव्हे, सरकारी मालकीमुळे उरला. तिथं वाटण्या झाल्या नाहीत. खासगी वाडा मुळात गेला तो वाटण्यांमुळे. चार भावांचे सोळा वारस, एक पुण्यात, एक अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही. सोळा सह्या मिळेपर्यंत छप्पर आत येतं. विकसक मात्र सोळाही सह्या आणतो, कारण त्याच्याकडे द्यायला सदनिका असतात.

निर्मलाबाई

मला या चर्चेत भिडेवाडा आणायचा आहे, आणि तो नंतर आठवलेला म्हणून नाही.

बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथं सुरू केली. माझी आजी चौथीपर्यंत शिकली, आई मॅट्रिक झाली, मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरातल्या तिन्ही बायकांची पाटी त्या वाड्यातून आली असं मी मानते. तिथं वापर नव्हता का? खाली दुकानं चालू होती, समोर दिवसरात्र गर्दी. तरी वरचा मजला ढासळत गेला. स्मारकाचा वाद न्यायालयात तेरा वर्षं चालला. निकाल लागेपर्यंत वाचवायला वास्तू उरली नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्री ती पाडली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. पत्रे लावलेले होते, फटीतून मातीचा ढीग दिसत होता.

स्मारक होणार, झालंच पाहिजे. पण मला त्या खोलीचा उंबरा बघायचा होता. सावित्रीबाई ज्या जिन्यानं चढल्या त्याच्या पायऱ्या किती उंच होत्या, नऊवारीत चढताना त्रास होत असेल का, खिडकी कुठल्या बाजूला होती, मुलींच्या पाठीवर ऊन यायचं की तोंडावर. नव्या इमारतीत हे कळणार नाही.

त्यामुळे ओसरीताई, नुसता वापर पुरत नाही. वापरणाऱ्याला त्या जागेची किंमत कळावी लागते. आणि आणखी एक, कुठल्या वाड्याची किंमत आपण आधी ओळखली आणि कुठल्याची उशिरा, हेही बोलायला हवं. पेशव्यांच्या आणि सरदारांच्या वाड्यांच्या याद्या लवकर झाल्या. मुलींच्या शाळेच्या खोल्या, छापखाने, तालमी, कष्टकऱ्यांच्या चाळी यांना 'वारसा' म्हणायला आपण फार वेळ लावला.

जुनाकागद

निर्मलाताई, उंबऱ्याचं आणि जिन्याचं लिहिलंत ते मनाला लागलं. मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना तारखा दिल्या, जिना कधी दाखवला नाही.

तुमच्या मुद्द्याला धरून केसरीवाडा आठवतो. मूळचा गायकवाडवाडा, बडोद्याच्या गायकवाडांचा. १९०५ मध्ये टिळकांनी घेतला. घर, छापखाना, वर्तमानपत्राची कचेरी, मानाचा पाचवा गणपती, सगळं एकाच आवारात. तो आजही नांदता आहे. तिथं वापर आहे आणि या जागेला आपण उत्तरदायी आहोत असं समजणारी माणसंही आहेत. भिडेवाड्यात पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

पुराबद्दलही लिहितो, कारण वाडे गेले कधी याचा विचार करताना १२ जुलै १९६१ ही तारीख टाळता येत नाही. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. मी सात वर्षांचा होतो. आम्हाला वडिलांनी शेजारच्या दगडी इमारतीच्या गच्चीवर नेलं. पाणी आलं तेव्हा वाडा पडला नाही. पाणी ओसरलं, लोक परत फिरले, घागरी-भांडी शोधू लागले, आणि संध्याकाळी भिंती बसू लागल्या. पांढरीच्या मातीचे भेंडे दिवसभर पाणी पीत होते. धप्, धप् असा आवाज एकेका गल्लीतून. नदीकाठच्या पेठांमधले किती वाडे असे गेले. जे उभे राहिले त्यांचे तळ भिजले होते, ते पुढच्या वीस वर्षांत खचले. त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या आणि मग पेठेत राहायचं म्हणजे इमारतीतच राहायचं असं सगळ्यांच्या मनानं घेतलं.

तळखडा

काका, बरोबर. मातीची भिंत कोरडी असताना दोनशे वर्षं उभी राहते, बुडाली की एका दिवसात जाते. पुरात उरलेल्या वाड्यांची मी कामं केली आहेत. तळखड्याच्या वर बरोबर पाण्याच्या रेषेपर्यंत लाकडाचा रंग वेगळा असतो, अजून.

मेणवलीची

मी वाईजवळची, नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा आमच्या गावात. पुण्याच्या नानावाड्याबद्दल ऐकून आहे, कधी आत गेले नाही. आमच्याकडे कृष्णेचा घाट आणि वाडा एकमेकांना लागून आहेत. चित्रीकरणाला लोक येतात, त्यामुळे झाडलोट तरी होते. खेड्यातला वाडा रिकामा पडून जातो, शहरातला जागेच्या भावापायी जातो, एवढाच फरक.

पेरूगेट

अवशेष वाचवण्याबद्दल काय मत आहे? कोथरूडच्या मस्तानी महालाचं लाकूडकाम दिनकर केळकरांनी आणून बाजीराव रस्त्यावरच्या त्यांच्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं, म्हणून ते आज बघायला मिळतं. ओसरीताईंच्या वाड्याचं लाकूड कुठं गेलं?

ओसरी

जुन्या लाकडाच्या वखारीत. ठेकेदार म्हणाला, सुरूचे खांब खाणावळीवाले घेतात, तुळया कापून पलंग होतात. अडणा मी मागून घेतला. सातशे रुपये दिले. आमच्या सदनिकेत तो कुठंच बसत नाही, गॅलरीत भिंतीला टेकवून उभा आहे. आई त्याला रोज कोरड्या फडक्यानं पुसते.

केळकरांनी केलं ते फार मोठं. पण महाल त्याच्या जागेवरून उठला की अंगण गेलं, वारा कुठून यायचा ते गेलं. आमच्या चौकात उन्हाळ्यात दुपारी तीनला सुद्धा गार असायचं. बाहेर रस्ता तापलेला आणि आत आजी पाटावर सांडगे घालत बसलेली. ते लाकडाच्या तुकड्यात येत नाही.

जुनाकागद काका आणि निर्मलाताईंनी मिळून माझं उत्तर दुरुस्त केलं. विश्रामबाग उरला कारण तिथं रोज माणसं होती, शिवाय प्रत्येक वेळी, आगीनंतरसुद्धा, कुणीतरी ठरवलं की हे परत नीट करायचं. पाठशाळा गेली तर हायस्कूल आलं, हायस्कूल गेलं तर नगरपालिका. एकही पिढी अशी आली नाही की जिला त्याचं काही करायचं नव्हतं. आज महापालिकेनं तिथं टप्प्याटप्प्यानं जीर्णोद्धार केला, 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं, ते चांगलंच झालं. पण माझी कळकळीची इच्छा अशी की तिथला वाचनाचा, पत्र टाकायचा, सहज आत शिरायचा रस्ता कधी बंद होऊ नये. तिकीट काढून वर्षातून एकदा बघायची जागा झाली की कौल सरकलेलं कुणाला कळणार?

खासगी वाड्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. शनिवारवाला दादांना मी काय तोंडानं सांगू. मात्र एक काम आपण पैशाशिवाय करू शकतो. पडणाऱ्या प्रत्येक वाड्याची पाडण्याआधी मापं घेऊन ठेवायची. खण किती, चौक किती, जिना कुठं, पायरी केवढी. फोटो आणि हातानं काढलेला नकाशा. निर्मलाताईंनी विचारलेले प्रश्न पुढच्या वाड्याबद्दल कुणाला विचारावे लागू नयेत.

तळखडा

मी येतो. टेप, ओळंबा, मोठी विजेरी माझी. रविवार सोडून कुठलाही दिवस नको, बाकी सहा दिवस काम असतं.

शनिवारवाला

आमच्यापासून सुरुवात करा. पाडणार नाही आहे, पाडता येतही नाही, पण जिना फार दिवस टिकेल असं वाटत नाही. काकू खूश होईल. तिला वाड्याच्या प्रत्येक खोलीत कोण जन्मलं आणि कोण गेलं ते पाठ आहे. तेही लिहून घ्या.

निर्मलाबाई

काकूंचं मी लिहून घेते. अक्षर चांगलं आहे माझं.

ओसरी

कालचा रविवार. पाच जण होतो. सकाळी आठला सुरुवात केली ती दुपारी दोनपर्यंत. पुढचा चौक आणि माजघर झालं, मागचं राहिलं. चौक अठरा फूट तीन इंच गुणिले सोळा फूट. भिंत जिन्यापाशी तीन फूट जाड आहे, जिना त्या जाडीतच काढलेला, पायरी अकरा इंच उंच. निर्मलाताई तो जिना दोनदा चढल्या-उतरल्या. वर काकूंनी त्यांना फडताळातून चिंचेच्या बोटकाचं लोणचं काढून दिलं आणि एका बैठकीत सव्वीस जन्म आणि चौदा मृत्यू सांगितले, तिथीसकट. ऐन पावसाळ्यात झालेल्या बाळंतपणांच्या वेळी माजघरात कुठं गळत होतं, हेसुद्धा. तळखडा दादांनी वर बघितलं तर बरोबर त्याच जागी कडी बदललेली.

आणखी एक सापडलं. माजघराच्या बारा तुळया. दादांनी विजेरी आडवी धरली तेव्हा प्रत्येक तुळईच्या टोकाला पटाशीनं मारलेल्या बारीक खाचा दिसल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन. सुतारांनी लाकूड खाली जमिनीवर बेतून, जुळवून, मग खुणेनं वर चढवलं होतं. आम्ही ओळीनं मोजत गेलो. सातवीला सात. आठवीला नऊ. नववीला आठ.

तळखडा

मी खाली उतरून पुन्हा चढून बघितलं, चूक नव्हती. मूळ सुतार असं करणार नाही, त्यानंच खुणा केल्यात. म्हणजे मधे कधीतरी या दोन तुळया टेकू देऊन उतरवल्या, काहीतरी दुरुस्त केलं आणि परत चढवताना अदलाबदल झाली. नवव्या जागेखालच्या खांबाचा तळ मी नंतर तपासला. वीतभर सांधा आहे. इतका नीट बसलाय की रंगाखाली दिसत नव्हता, बोटानं लागला.

शनिवारवाला

काकूला विचारलं. तिच्या सासऱ्यांनी करून घेतलं म्हणे, तिच्या लग्नाच्या आधी. सुतार भोरहून आले होते आणि महिनाभर ओसरीवरच झोपायचे.

पुढच्या रविवारी मागचा चौक. मी टेकूला बांबू आणून ठेवतो.